बटणाएवढ्या लिलीची गोष्ट

तुमच्या शर्टाचं वरचं बटण बघा. हो, आत्ताच! क्युबिकलमध्ये बसून स्वतःचं बटण बघायला कुणाची परमिशन लागत नाही. आता तेवढंच एक पान डोळ्यांसमोर आणा. गोल, हिरवंगार, एका बाजूनं चीर पडलेलं. फारच लाड झाले तर बटणाच्या दुप्पट. शेजारी नखाएवढं पांढरं फूल आणि आत पिवळेधमक पुंकेसर.

ही जगातली सगळ्यात छोटी वॉटर लिली. नाव निम्फिया थर्मारम. या एवढ्याशा जिवाच्या बायोडेटात काय काय आहे, ते ऐका. उंदरानं खाल्लं, चोरानं पळवलं, मूळ गावात नामशेष झाल्याचं जाहीर झालं, हार्वर्डच्या लॅबमध्ये मुक्काम झाला आणि २०२३ मध्ये मूळ गावीच पुन्हा दर्शनही झालं. आपल्यापैकी कितीजणांचा रेझ्युमे इतका भारी आहे?

मला ही बाई भेटली ती भलत्याच कामाच्या निमित्तानं. ‘गॅलरीतली बाग’ असा एक हलकाफुलका विषय माझ्याकडे होता. त्यासाठी कोथरूडच्या एका मैत्रिणीकडे गेले. दिवसा ती सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि संध्याकाळी प्लास्टिकच्या टबांमध्ये लिली वाढवते. निळ्या, गुलाबी, पिवळ्या. म्हटलं, ‘एवढ्या आणल्यास कुठून?’ तर हसत म्हणाली, ‘अगं, आणल्या कुठे? एक कंद आणला होता. तोच तोडून तोडून दहा टब झाले. ह्या सगळ्या एकच आहेत. झेरॉक्स!’

झेरॉक्स हा शब्द तेव्हा कानावरून गेला. पुढे मात्र या सगळ्या गोष्टीचा गाभाच तो निघाला.

(मध्येच एक खुलासा. आपण सरसकट सगळ्यांना कमळ म्हणतो. पण लक्ष्मी ज्यावर बसते ते कमळ वेगळ्या कुळातलं आणि वॉटर लिली वेगळ्या कुळातली. कमळाचं मोठं पान पाण्याच्या वर छत्रीसारखं उभं राहतं, लिलीचं पान पाण्यावर पसरतं. हे सांगितलं नाही तर वनस्पतिशास्त्रवाले मला फोन करून झापतील.)

झऱ्याकाठचा पत्ता

१९८७ साल. एबरहार्ड फिशर नावाचे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रवांडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात फिरत होते. तिथे माशुझा नावाच्या ठिकाणी गरम पाण्याचा झरा आहे. आपल्याकडे वज्रेश्वरीला किंवा राजापूरला असतो तसा. झऱ्याच्या तोंडाशी पाणी चांगलंच कढत. तिथून ते वाहत वाहत बाहेर येतं, पसरतं आणि निवतं. जिथे ते २५ अंशांच्या आसपास येतं, तिथल्या ओल्या चिखलात फिशर यांना ही चिमुकली लिली दिसली.

चिखलात, हं! पाण्यात नाही. हे लक्षात ठेवा, पुढे एका माणसाची झोप याच एका गोष्टीनं उडणार आहे.

थर्मारम म्हणजे ‘गरम झऱ्यांचं’. नाव सार्थ आणि पत्ता एकच. जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही ही लिली कुणाला दिसली नव्हती. एखाद्या माणसाचं सगळं खानदान एकाच चाळीत राहत असावं आणि दुसऱ्या गावात एक लांबचा मावसभाऊसुद्धा नसावा, तसं. चाळीला काही झालं की संपलं.

आणि झालंच. २००८ च्या सुमारास झऱ्याचं पाणी त्या चिखलापर्यंत पोचेनासं झालं. जमिनीतून वर येणाऱ्या पाण्याचा उपसा इतका वाढला होता, की वाहून पसरायला काही उरतच नव्हतं. चिखल वाळला, लिली गेली.

इथे कुणाला तरी व्हिलन करायचा मोह होतो. मलाही झाला. पण रवांडा हा चिमुकला, दाटीवाटीचा देश आहे. १९९४ मध्ये तिथे जो नरसंहार झाला त्यात काही लाख माणसं शंभर दिवसांत मारली गेली. त्यातून उठून उभं राहणाऱ्या देशात, झऱ्याचं पाणी वापरणाऱ्याला ‘अहो, तिकडे एक बटणाएवढं पान आहे’ असं सांगायला कोण जाणार होतं? पुण्या-मुंबईत बसून, चोवीस तास बोअरवेल चालवून, आपण तरी जाऊ नये.

बॉनचा उंदीर

नशीब एवढंच, की फिशर यांनी आधीच काही रोपं जर्मनीला, बॉनच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये नेली होती. तिथल्या माळ्यांनी ती दहा वर्षांहून जास्त काळ जगवली. जगवली, पण वाढवणं काही जमेना. रोपं म्हातारी होत चाललेली, नवी येईनात. आकडा खाली, खाली, खाली.

मग एक दिवस एक उंदीर आत शिरला. तिथे शेवटची दोन रोपं उरली होती. त्यातलं एक त्यानं खाल्लं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्यानं हसले होते. दोन सेकंदांनी हसू गेलं. कोट्यवधी वर्षांची वंशावळ आणि तिचा निम्मा शिल्लक साठा एका उंदराचा नाश्ता!

इथे एन्ट्री होते कार्लोस माग्दालेना यांची. मूळचे स्पेनच्या अस्तुरियास भागातले, नोकरी लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये. मरायला टेकलेल्या झाडांना परत आणण्यात यांचा हातखंडा. त्यापायी एका स्पॅनिश पत्रकारानं त्यांना ‘झाडांचा मसीहा’ अशी पदवी देऊन टाकली आणि पुढे त्यांच्या पुस्तकाचं नावही तेच झालं. बॉनहून आलेल्या मूठभर बिया आणि रोपं त्यांच्या हातात पडली.

बिया रुजायच्या, पाण्याखाली इवलीशी पानं काढायच्या आणि मरायच्या. पुन्हा पेरायच्या, पुन्हा मरायच्या. पाण्याचा आम्लपणा बदलून पाहिला, क्षार बदलून पाहिले. हाताशी बिया किती, तर मोजक्या. प्रत्येक फसलेल्या प्रयोगागणिक बँक बॅलन्स कमी. महिनाअखेरीला एटीएमसमोर उभं राहिल्यावर पोटात जो गोळा येतो, तो या माणसाच्या पोटात रोजच येत असणार.

मग त्यांनी मूळ पत्त्याकडे पाहिलं. जगातल्या बाकी लिली तळ्याच्या तळाशी रुजतात आणि हळूहळू वर येतात. ही कुठे राहत होती? ओल्या चिखलात. म्हणजे तिच्या कोवळ्या पानांना पाण्याखाली मिळतो त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवा होता. थेट हवेतला! मग त्यांनी कुंड्यांमध्ये माती भरली, कुंड्या पाण्यात ठेवल्या, पण अशा, की मातीचा पृष्ठभाग आणि पाण्याची पातळी बरोबरीला यावी. तापमान २५ अंश.

आठ रोपं तरारली. नोव्हेंबर २००९ मध्ये त्यांना पहिलं फूल आलं.

आठ. हा आकडा कृपया बाजूला लिहून ठेवा.

चोर आला होता

क्यूला मी एकदाच गेलेय, लंडनला राहणाऱ्या मावसबहिणीच्या कृपेनं. तिथलं प्रिन्सेस ऑफ वेल्स कॉन्झर्व्हेटरी हे काचघर म्हणजे एसी मॉलच्या बरोबर उलट प्रकरण. आत दहा वेगवेगळी हवामानं आहेत. एका दारातून वाळवंटात शिरायचं आणि दुसऱ्या दारातून घामाघूम होत कोकणात बाहेर पडायचं. राजकुमारी डायनानं त्याचं उद्घाटन केलं तेही १९८७ मध्येच, म्हणजे लिली सापडली त्याच वर्षी. योगायोग, बाकी काही नाही.

९ जानेवारी २०१४ रोजी याच काचघरातून एक थर्मारम चोरीला गेली. मांडलेल्या चोवीस रोपांपैकी एक. भरदिवसा, लोकांची ये-जा चालू असताना, कुणीतरी वाकून ओल्या चिखलातून ती उपटली आणि बहुधा खिशात घालून चालू पडलं. लंडनच्या पोलिसांनी लोकांना आवाहन केलं, पेपरांत हेडलाइन्स झाल्या, जगभरच्या वाहिन्यांनी बातमी चालवली. चोर सापडल्याची बातमी मात्र काही आली नाही.

माझ्या बहिणीचा नवरा पक्का व्यवहारी. तो म्हणाला, ‘अगं, पण त्यांच्याकडे अजून तेवीस होत्या ना? आणि नवीन वाढवताही येतात. मग एवढा गहजब कशाला?’

प्रश्न अगदी रास्त होता, आणि खरं सांगायचं तर त्याचं उत्तर तेव्हा मला देता आलं नसतं. चोरीत काय गेलं, यापेक्षा उरलेल्या रोपांमध्ये काय आहे, हा मुद्दा आहे. गंमत अशी, की चोवीस असोत नाहीतर चोवीसशे, तो मुद्दा बदलत नाही.

गाळणीवर गाळणी

परत आल्यावर मी आमच्या कॉलेजच्या जुन्या बॉटनीच्या सरांना गाठलं. (मी त्यांच्या वर्गात फार बसले नाही, मास कॉमला पळाले. त्यांनी ते काढलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.) सरांनी चहा मागवला आणि मलाच उलट विचारलं, ‘हापूसची किती झाडं असतील गं कोकणात?’

मी म्हटलं, ‘लाखो असतील.’

‘आणि हापूस किती?’

मला कळेना. मग सर म्हणाले, ‘एक. सगळी कलमं. कलम म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. झाडं लाखो, पण जनुकांच्या दृष्टीनं जवळपास एकच झाड लाखो ठिकाणी उभं. जळगावच्या केळीचं तेच. टिश्यू कल्चरची बाग बघ, सैन्याच्या परेडसारखी एकसारखी. रोग आला तर परेडच्या परेड आडवी. पूर्वी जगभर ग्रो मिशेल नावाचं केळं विकलं जायचं. पनामा रोगानं त्याच्या बागा बसल्या आणि १९५०-६० च्या दशकांत व्यापारातून ते जवळजवळ बादच झालं. तेव्हा झाडं कमी नव्हती. फरक कमी होता.’

फरक. जनुकीय विविधता या जडजंबाल शब्दाचा अर्थ एवढाच. एकाच जातीच्या दोन रोपांमध्ये असलेले लहानलहान फरक. एकाला थोडी थंडी सोसते, दुसऱ्याला बुरशी लागत नाही, तिसऱ्याच्या बिया उशिरा रुजतात आणि म्हणून कोरड्या वर्षात वाचतात. दिवस चांगले असताना हे फरक कुणाच्या लक्षातही येत नाहीत. वाईट दिवस आले की त्यातलाच एखादा कामाला येतो. मेडिक्लेमसारखं म्हणा ना!

आता आपल्या लिलीचा हिशेब मांडू. माशुझाच्या चिखलात होती नव्हती ती सगळी रोपं. त्यातली काही बॉनला गेली, ही पहिली गाळणी. बॉनमध्ये मरत मरत दोन उरली, ही दुसरी. मूठभर बिया आणि रोपं क्यूला आली, तिसरी. त्यातली आठ जगली, चौथी. प्रत्येक गाळणीत जे अडकलं ते गेलं, आणि २००८ नंतर परत आणायला मूळ जागी कुणी उरलं नव्हतं. पुढे काचघरात हजार रोपं केली तरी ती त्या मोजक्या पूर्वजांची नातवंडं-पतवंडं. हजार माणसांचं गाव, आणि सगळ्यांचं आडनाव एकच!

शिवाय आणखी एक भानगड आहे. थर्मारमचं फूल स्वतःचंच परागण करून घेतं. पुंकेसर घरचे, बीजांडं घरची, मधमाशी आली नाही तरी बी धरतं. आपल्याकडे सगोत्र लग्नाला नाक मुरडतात. इथे तर नवरा-बायको एकच!

याचा परिणाम काय होतो, तो ईएमआय भरणाऱ्यांना चटकन कळेल. आपल्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बाबांकडची. त्या दोन वेगळ्या असल्या तर हाताशी दोन पर्याय. स्वपरागणात दर पिढीला असे वेगळे असलेले जोड निम्म्यानं घटतात. चक्रवाढ व्याज, पण उलटं. पहिल्या पिढीत निम्मे, दुसरीत पाव, तिसरीत एक अष्टमांश. दहाव्या पिढीपर्यंत मूळच्या १,०२४ जोडांपैकी सरासरी एक शिल्लक राहतो. ही लिली बी पेरल्यापासून चार-पाच महिन्यांत फुलते, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या सहज. दहा पिढ्या म्हणजे पाचच वर्षं. एखाद्या कार लोनएवढी.

मी जरा घाबरूनच सरांना विचारलं, ‘मग ही सगळी रोपं लुळीपांगळी व्हायला हवीत ना?’

‘तसंच काही नाही,’ सर म्हणाले. ‘पिढ्यानपिढ्या स्वपरागण करणारी झाडं त्याला सरावलेली असतात. घातक जनुकं बरीचशी आधीच गळून गेलेली असतात. रोप ठणठणीत दिसेल, छान फुलेल. पण अशा झाडांची गोम अशी, की विविधता एका रोपाच्या पोटात फार नसते. ती असते दोन रोपांमध्ये, आणि त्याहून जास्त दोन ठिकाणांमध्ये. इकडच्या डबक्यातली वेगळी, तिकडच्या डबक्यातली वेगळी. म्हणून अशा जातीची एक जागा गेली, तर नुसती रोपं गेली नाहीत, एक अख्खी वेगळी ओळ गेली.’

हे मला सर्वात जास्त लागलं. ‘झाड वाचवलं’ अशी बातमी आपण वाचतो, खूश होतो आणि पुढच्या पानावर जातो. जाती वाचते हे खरंच. माग्दालेना नसते तर तीही वाचली नसती, त्यामुळे त्यांच्या कामाला शंभर सलाम. पण पुस्तकाचं एक पान वाचवून त्याच्या हजार प्रती काढल्या म्हणून पुस्तक परत येत नाही.

माग्दालेनांना हे कुणी शिकवायला नको. त्यांनी त्याआधी मॉरिशसच्या रॉड्रिग्ज बेटावरच्या कॅफे मारों नावाच्या झुडपावर काम केलं होतं. ते नष्ट झालं असं सगळे धरून चालले होते. १९८० च्या सुमारास एका शाळकरी मुलानं त्याची फांदी वर्गात आणली. शोधल्यावर जंगलात निघालं किती? एक झाड. बाकी जगातली सगळी रोपं त्याच एका झाडाच्या फांद्या. त्याला फुलं यायची, बी धरायचंच नाही. २००३ मध्ये माग्दालेनांनी खटपटी करून ते धरवलं. हा माणूस एकच एक उरलेल्यांचा डॉक्टर आहे. २०२२ मध्ये क्यूच्या चमूनं व्हिक्टोरिया बोलिव्हियाना ही जगातली सगळ्यात मोठी वॉटर लिली नवी जाती म्हणून जाहीर केली, त्यातही हे होतेच. तिचं पान तीन मीटरपर्यंत जातं. म्हणजे आपल्या ऑफिसातल्या मीटिंग रूममध्ये मावणार नाही! सगळ्यात मोठी आणि सगळ्यात छोटी, दोन्ही एकाच माणसाच्या खात्यात.

लॅबमधलं सासर

दरम्यान या छोटीला नोकरी लागली. झाडं फुलायला कधी, कशी लागली हा जुना प्रश्न आहे. डार्विननं १८७९ मध्ये ज्या मित्राला पत्र लिहून या कोड्यापुढे हात टेकले, ते जोसेफ हूकर तेव्हा क्यूचेच संचालक होते. आज इतकं नक्की झालंय, की फुलझाडांच्या वंशवृक्षावर अगदी बुंध्यापाशी ज्या दोन-तीन फांद्या फुटल्या, त्यातली एक वॉटर लिलींची. त्यामुळे लिली वाचता आली तर पहिल्या फुलांबद्दल काहीतरी हाती लागेल.

पण साधी लिली लॅबमध्ये ठेवणार कुठे? प्रत्येकीला हौद पाहिजे. थर्मारम मात्र कुंडीत मावते, चार-पाच महिन्यांत फुलते आणि स्वतःच बी धरते. शास्त्रज्ञांना आणखी काय हवं! २०२० मध्ये हार्वर्डमधल्या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर तिचा अख्खा जीनोम प्रसिद्ध केला. त्यात एक मजेशीर गोष्ट दिसली. खोड जाड करणारा, लाकूड बनवणारा जो थर बाकीच्या झाडांत असतो, तो लिलींनी कधीच सोडून दिलाय. त्याच्याशी निगडित काही जनुकं त्यांच्या जीनोममधून गायब आहेत. पाण्यात तरंगायचं तर लाकूड कशाला?

आणि इथे मला तो झेरॉक्स शब्द आठवला. एकसारखेपणा प्रयोगशाळेला सोयीचा असतो. शंभर रोपं सारखी असली की प्रयोग स्वच्छ होतो. निसर्गात तोच एकसारखेपणा घात करतो. एकाच रोपाचा एकच गुण एका पत्त्यावर गुण आणि दुसऱ्या पत्त्यावर दोष.

पंधरा वर्षांनी

आणि मग २०२३. रवांडातच, त्याच भागात, ही लिली पुन्हा दिसली. जिवंत, चिखलात, आपली आपण वाढलेली.

पहिली प्रतिक्रिया अर्थातच ‘वॉव!’ माझीही तीच होती. लिली-टबवाल्या मैत्रिणीला मी ऑफिसच्या वेळात फोन केला, तर ती म्हणाली, ‘बरं झालं, पण ती तर क्यूमध्ये होतीच की.’ बहिणीच्या नवऱ्याच्या प्रश्नाचाच जुळा भाऊ! यावेळी मात्र मला उत्तर येत होतं.

क्यूमधली लिली चार गाळण्यांतून आलेली. ही न गाळलेली. हिचे पूर्वज बॉनच्या विमानात बसले नाहीत, उंदराच्या तावडीत सापडले नाहीत, काचघराच्या २५ अंशांत लाडावले नाहीत. पाणी तुटलं तेव्हा जे कुठल्यातरी कोपऱ्यात टिकले, त्यांची ही मुलं. काचघरात जगण्यासाठी माळ्याची मर्जी सांभाळावी लागते, तिथे उन्हाची आणि चिखलाची. दोन्हीकडची निवड वेगळी. म्हणून परत सापडलेलं एकेक रोप काचघरातल्या शेकडा रोपांना भारी आहे, आणि म्हणूनच ते सरसकट उपटून ‘सुरक्षित’ ठिकाणी नेणं हा उपाय नव्हे.

बी गोळा करणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे. एका ठिकाणाहून बी घ्यायचं तर निदान पन्नास वेगवेगळ्या झाडांकडून घ्या, प्रत्येकाकडून थोडं थोडं. एकाच धष्टपुष्ट झाडाकडून पिशवीभर घेऊ नका. कारण तसं केलं तर पिशवी भरते, विविधता भरत नाही. आणि घेताना जागेवरचा साठाही संपवायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. जी जातीच मुळात बोटांवर मोजण्याइतक्या जागेत आहे, तिथे पन्नास झाडं कुठून आणायची, हा प्रश्न उरतोच. मग प्रत्येक रोपाची नोंद, पानाच्या तुकड्यावरून डीएनएची तपासणी, कोण कुणाचं कोण याचा वंशवृक्ष आणि त्याप्रमाणे बी. अगदी लग्न जुळवणाऱ्या काकूंसारखं, पत्रिका बघून.

सरांनी निघताना मला विचारलं होतं, ‘कासला गेली होतीस का?’ गेले होते की! सप्टेंबरचा वीकएंड, ट्रॅफिक, फुलं, फोटो, भजी. ‘वायतुरा बघितलास?’ बघितला होता. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा, पावसाळी डबक्यातून वर आलेला. फोटोत छान येतो. नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस, साताऱ्यावरून ठेवलेलं, कारण उत्तर सह्याद्रीच्या उंच कातळसड्यांखेरीज तो जगात कुठे उगवत नाही. संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत त्याचं नाव आहे. पावसाळ्यात डबक्यात वाढतो, पाणी आटलं की कंदाच्या रूपानं मातीत झोपतो. ‘एक डबकं बुजलं तर काय बिघडतं, बाकी आहेत की, असं म्हणणारे भेटतील,’ सर म्हणाले. ‘त्यांना तुझी लिली सांग.’

तेव्हा मी मान डोलावली होती. नंतर जाणवलं, की कासला गाडी लावायला जागा शोधताना चाकाखाली डबकं आहे का, हे आमच्यापैकी कुणीच बघितलं नव्हतं. सड्यावरचं डबकं म्हणजे आपल्या लेखी चिखल. माशुझालाही तो चिखलच होता.

तिकडे आता काम आहे ते पाण्याचं. लिलीला कुंपण घालून फार काही साधत नाही. झऱ्याचं पाणी वाहत वाहत, निवत निवत त्या ओल्या पट्ट्यापर्यंत रोज पोचलं पाहिजे. फार नको. मातीच्या बरोबरीला येईल, इतकंच.